नुसते मायकेल फॅरडे

१८५७ सालची गोष्ट. लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रॉयल सोसायटीचे काही वजनदार सभासद एका शास्त्रज्ञाच्या भेटीला आले. सोसायटीचं अध्यक्षपद लवकरच रिकामं होणार होतं आणि ते या शास्त्रज्ञानं स्वीकारावं, अशी गळ घालायला ही मंडळी आली होती. एकेकाळी आयझॅक न्यूटन यांनी भूषवलेलं हे पद. इंग्लंडच्या विज्ञानजगतात याहून मोठा मान नव्हता. समोर बसलेले गृहस्थ पासष्ट वर्षांचे होते. लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती, हातात कसब होतं ते पुस्तकबांधणीचं, आणि विद्यापीठाची पायरी शिकण्यासाठी कधीच चढलेले नाहीत. त्यांनी विचाराला अवधी मागून घेतला आणि नंतर नम्रपणे नकार कळवला. आपले तरुण सहकारी जॉन टिंडल यांना त्यांनी सांगितलं, की मला शेवटपर्यंत नुसता मायकेल फॅरडेच राहू दे. हा मान घेतला तर वर्षभरसुद्धा माझी बुद्धी शाबूत राहील याची हमी मी देऊ शकत नाही.

फॅरडेंची ही गोष्ट नेहमी एका निरिच्छ, ऋषितुल्य माणसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण याच माणसानं जगभरातून आलेली मानपत्रं आणि पदवीपत्रं एका जाडजूड ग्रंथात नीट लावून जपली होती. युरोप-अमेरिकेतल्या विद्वत्संस्थांनी त्यांना दिलेल्या पदव्या आणि सन्मानांची संख्या नव्वदहून अधिक भरते. रॉयल सोसायटीचं कोपली पदक त्यांना १८३२ आणि १८३८ असं दोनदा मिळालं. प्रशियानं १८४२ मध्ये आपला मानाचा ‘पूर ल मेरीत’ हा सन्मान दिला, फ्रेंच अकादमीनं १८४४ मध्ये आपल्या मोजक्या परदेशी सहसदस्यांत त्यांना घेतलं. हे सगळं त्यांनी आनंदानं स्वीकारलं. मग कुठला मान घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा, हे ते कशावरून ठरवत? त्यांच्या आयुष्याकडे या बाजूनं पाहिलं, की पाठ्यपुस्तकातला तो शांत चेहऱ्याचा सज्जन माणूस बराच वेगळा दिसू लागतो.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथला. वडील जेम्स मूळचे उत्तर इंग्लंडचे. पोटासाठी लंडनला आलेले आणि पुढे सतत आजारी असलेले लोहार. १८०१ साली धान्य भयंकर महागलं, तेव्हा या पोराच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. तेराव्या वर्षी तो ब्लॅनफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. लोकांना वर्तमानपत्रं वाचायला नेऊन द्यायची आणि परत आणायची, हे त्याचं काम. वर्षभरात रिबोनं त्याला सात वर्षांच्या करारावर बांधणीकाम शिकायला ठेवून घेतलं, तेही शिकवणीचे पैसे न घेता.

बांधायला आलेली पुस्तकं हा पोरगा वाचू लागला. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला विजेवरचा लेख त्याच्या हाती असाच लागला. जेन मार्सेट या बाईंचं ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे पुस्तकही तसंच. बाई आणि दोन मुली यांच्या संवादातून रसायनशास्त्र समजावणारं हे पुस्तक त्यानं नुसतं वाचलं नाही, तर त्यातले खिशाला परवडतील ते प्रयोग दुकानाच्या मागच्या खोलीत करून पाहिले. प्रयोग पुस्तकात सांगितल्यासारखे घडतात याची खात्री झाल्यावर त्याला धीर आला. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावर फॅरडे आपलं नवं लेखन मार्सेटबाईंना आठवणीनं पाठवत असत.

विज्ञानाची जाहीर व्याख्यानं ऐकायला एक शिलिंग लागायचा. तो थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा, तोही लोहारच. १८१२ च्या सुरुवातीला दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं, विल्यम डान्स यांनी, मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळच्या लंडनचं मोठं आकर्षण. सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्यं वेगळी करणारा, देखणा, वक्तृत्वानं सभागृह भारून टाकणारा रसायनज्ञ. मायकेलनं व्याख्यानांची टिपणं घेतली, घरी ती सविस्तर लिहून काढली, उपकरणांच्या आकृत्या काढल्या आणि तीनशेवर पानांचं ते हस्तलिखित स्वतःच्या हातांनी बांधलं.

त्याच सुमारास त्यानं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांनाही पत्र लिहिलं होतं. विज्ञानाच्या क्षेत्रात कुठलंही काम द्या, कितीही हलकं चालेल, अशी विनंती केली होती. चौकशीला गेल्यावर दारावरच्या माणसानं एवढंच सांगितलं, की उत्तर नाही. पंचेचाळीस वर्षांनी ज्या खुर्चीला नकार दिला, ती हीच खुर्ची.

डेव्हींना मात्र त्यानं बांधलेला ग्रंथ पाठवला आणि त्यांचं उत्तर आलं. लगेच नोकरी नव्हती. पण पुढच्या फेब्रुवारीत इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारी केल्याबद्दल काढून टाकण्यात आलं आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडेंची त्या जागी नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार, माडीवर राहायला दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांचं राहणं आणि काम याच इमारतीत झालं.

नोकरीला वर्षही झालं नव्हतं, तोच डेव्ही त्यांना युरोपच्या दौऱ्यावर घेऊन गेले. इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालू असतानाही नेपोलियननं डेव्हींना परवाना दिला होता. पॅरिसमध्ये नव्यानं सापडलेल्या आयोडीनवर काम झालं, फ्लॉरेन्समध्ये भल्यामोठ्या भिंगानं सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून तो निव्वळ कार्बन असल्याचं दाखवलं गेलं, मिलानमध्ये म्हाताऱ्या व्होल्टांची भेट झाली. विद्यापीठात न मिळालेलं शिक्षण या दीड वर्षात झालं. पण डेव्हींचा खासगी नोकर ऐनवेळी आला नव्हता आणि त्याचं कामही फॅरडेंच्याच गळ्यात पडलं. लेडी डेव्ही तर त्यांना उघडउघड गडीमाणसासारखं वागवत. मित्राला लिहिलेल्या पत्रांतून त्यांची तळमळ दिसते. सगळं टाकून घरी परतावं, असंही त्यांच्या मनात आलं होतं. हुद्दा आणि खानदान यांवरून माणसाची किंमत कशी ठरते, हे त्यांनी विशीतच अंगावर झेललं होतं.

१८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी दाखवलं, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसुई हलते. युरोपभर खळबळ उडाली. सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरडेंनी एका भांड्यात पारा घेतला, त्यात चुंबक उभा बसवला आणि वरून एक तार अशी लोंबती सोडली, की तिचं टोक पाऱ्यात बुडेल. बॅटरी जोडताच तार चुंबकाभोवती गरागरा फिरू लागली. विजेचं रूपांतर सतत फिरणाऱ्या गतीत करणारं हे पहिलं साधन. आजच्या पंख्यातल्या, मिक्सरमधल्या, लोकलच्या डब्याखालच्या मोटारीचं मूळ तिथं आहे. तीनच महिन्यांपूर्वी, १२ जून रोजी, त्यांचं सारा बर्नार्ड यांच्याशी लग्न झालं होतं.

या प्रयोगानं नाव दिलं आणि डागही लावला. विल्यम वॉलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञानं डेव्हींच्या मदतीनं काहीशा अशाच कल्पनेवर प्रयत्न केले होते. त्यांचा प्रयोग वेगळा होता आणि साधला नव्हता. पण फॅरडेंनी घाईनं लेख छापला आणि त्यात वॉलस्टन यांचा उल्लेख राहिला. कल्पना चोरल्याची कुजबुज सुरू झाली. वॉलस्टन यांनी मोठ्या मनानं विषय वाढवला नाही. डेव्ही मात्र दुखावले. मित्रांनी १८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरडेंचं नाव सुचवलं, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष डेव्हीच होते. त्यांनी फॅरडेंना आपला अर्ज मागे घ्यायला सांगितलं. फॅरडेंचं उत्तर होतं, की अर्ज मी केलेला नाही, माझं नाव सुचवणाऱ्यांनी केला आहे, तो मी कसा मागे घेऊ? ८ जानेवारी १८२४ रोजी गुप्त मतदानात ते निवडून आले. विरोधात एकच मत पडलं.

आयुष्यात हा एकच मान असा, की तो आपण मागितला आणि त्याची फी भरली, बाकी सगळे न मागता आले, असं त्यांनी पुढे १८३८ साली एका मंत्र्याला आपल्या पदव्यांची यादी पाठवताना लिहिलं. ज्या गुरूनं हात धरून वर आणलं तोच आडवा आला, याबद्दल मात्र त्यांनी कधी कडवटपणे लिहिलं नाही. डेव्हींबद्दलचा आदर त्यांनी शेवटपर्यंत सांभाळला.

फॅरडे म्हटलं की वीज आठवते. पण तोवरची त्यांची ओळख रसायनज्ञाची होती. कार्बन आणि क्लोरिनची दोन नवी संयुगं त्यांनी प्रथम तयार केली, क्लोरिन वायू दाबाखाली द्रवरूप करून दाखवला. त्या वेळी लंडनमध्ये प्राण्यांच्या आणि माशांच्या तेलापासून बनवलेला वायू दाबून भरलेल्या टाक्या दिव्यांसाठी घरोघर पोचवल्या जात. टाक्यांच्या तळाशी एक तेलकट द्रव साचे. १८२५ मध्ये त्यांनी तो द्रव पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केला, थंड करून गोठवला, न गोठणारा भाग निपटून काढला आणि एक नवं हायड्रोकार्बन वेगळं केलं. तेच बेंझीन. रंग, औषधं, प्लॅस्टिक यांचा पुढचा सगळा उद्योग या रेणूवर उभा राहिला.

आता २९ ऑगस्ट १८३१ या दिवसाकडे येऊ. विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न दहा वर्षं त्यांच्या डोक्यात होता. त्या दिवशीच्या प्रयोगासाठी त्यांनी मऊ लोखंडाचं एक कडं करून घेतलं होतं, सहा इंच व्यासाचं आणि इंचापेक्षा किंचित कमी जाडीचं. त्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे, समोरच्या बाजूला दुसऱ्या तारेचे वेढे. आवरण चढवलेली तार तेव्हा बाजारात मिळत नसे. त्यामुळे प्रत्येक वेढ्याशेजारी सुतळी आणि प्रत्येक थरावर सुती कापड गुंडाळत हे काम हातानं करावं लागलं. बांधणीकामात मुरलेली बोटं इथं कामी आली असणार, असं ते कडं पाहताना वाटल्याशिवाय राहत नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संग्रहालयात ते आजही आहे.

दुसऱ्या बाजूच्या तारेची टोकं जोडून ती तार त्यांनी तीन फुटांवरच्या एका चुंबकसुईवरून नेली. मग पहिली बाजू बॅटरीला जोडली. सुई थरथरली आणि पुन्हा जागेवर आली. वीज वाहत होती, पण सुई स्वस्थ. बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली, आता उलट दिशेनं. दोन्ही तारांचा एकमेकींशी स्पर्शही नव्हता. इतरांची नजर नेमकी इथंच चुकत होती. सगळे स्थिर परिणाम शोधत होते आणि निसर्गाचं उत्तर त्या क्षणभराच्या बदलात होतं. चुंबकत्व नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. त्या कड्यात आजचा ट्रान्सफॉर्मर होता. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात चुंबक आतबाहेर करून वीज मिळवली, २८ ऑक्टोबरला बलाढ्य चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून अखंड प्रवाह मिळवला. पहिलं जनित्र ते हेच. अमेरिकेत जोसेफ हेन्री स्वतंत्रपणे याच वाटेवर होते, पण फॅरडेंनी आधी जाहीर केलं आणि मुळापासून उलगडलं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली, ती निर्माण झाली या तत्त्वावरच.

या शोधाची एक किंमत होती आणि ती त्यांनी डोळे उघडे ठेवून मोजली. कारखाने, न्यायालयं, सरकारी खाती यांच्यासाठी रासायनिक तपासण्या करून १८३० च्या सुमारास ते वर्षाला हजारावर पौंड जादा मिळवत होते. आणखी थोडी वर्षं हे चाललं असतं तर ते श्रीमंत झाले असते. १८३१ नंतर त्यांनी हे काम झपाट्यानं कमी केलं; वर्षभरात ती मिळकत दीडशे पौंडांवर आली. यामागे त्यांचा धर्मही होता. सँडेमेनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे ते निष्ठावंत होते. धन साठवणं या पंथाला मंजूर नव्हतं, आपसातला दानधर्म आणि साधी राहणी यांवर भर होता. पुढे त्या मंडळीचे ते वडीलधारे झाले, प्रवचनं करू लागले. रविवारी लंडनच्या एका गल्लीतल्या प्रार्थनाघरात कारागीर आणि दुकानदारांबरोबर बसणारा हा माणूस शुक्रवारी संध्याकाळी सरदार-उमरावांनी भरलेल्या सभागृहात व्याख्यान देत असे.

साधेपणा म्हणजे गरीबपणा नव्हे, हे १८३५ साली पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांना कळलं. विज्ञानातल्या कामगिरीबद्दल फॅरडेंना सरकारी निवृत्तिवेतन द्यावं, असं ठरत होतं. फॅरडेंची पहिली प्रतिक्रिया नकाराचीच होती, पण सासऱ्यांनी समजूत घातली. २६ ऑक्टोबरला ते मेलबर्नना भेटायला गेले. बोलता बोलता मेलबर्न म्हणाले, की लेखकांना आणि शास्त्रज्ञांना असे पैसे देण्याची ही सगळी पद्धतच थोतांड आहे. फॅरडेंनी तिथं वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी पंतप्रधानांच्या कचेरीत चिठ्ठी पोचवली, की अशा शब्दांत वर्णन केलेली गोष्ट मी स्वाभिमान राखून घेऊ शकत नाही. प्रकरण वर्तमानपत्रांपर्यंत गेलं. लेडी मेरी फॉक्स यांनी मध्यस्थी केली, तेव्हा फॅरडेंनी अट घातली, की पंतप्रधानांनी लेखी माफी मागावी. देशाचा पंतप्रधान आणि लोहाराचा मुलगा! पण मेलबर्न यांनी सरळ मनानं माफीचं पत्र लिहिलं आणि वर्षाअखेर तीनशे पौंडांचं निवृत्तिवेतन सुरू झालं. फॅरडेंना पैशाचं वावडं नव्हतं. भीक म्हणून दिलेला पैसा त्यांना नको होता.

१८३३-३४ या वर्षांत विद्युत अपघटनाचे नियम आले. द्रावणातून जितकी वीज जाईल तितक्याच प्रमाणात पदार्थ अग्रांवर सुटा होतो, हे त्यांनी मोजून सिद्ध केलं. आजची प्लेटिंगची कामं आणि ॲल्युमिनियमचे कारखाने याच हिशोबावर चालतात. इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्दही केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्यानं त्यांनीच रूढ केले. १८३६ मध्ये सभागृहात बारा फुटी लाकडी चौकट उभारून, तिच्यावर तारा आणि धातूचा पत्रा मढवून ते स्वतः आत जाऊन बसले. बाहेरून ठिणग्या उडेपर्यंत वीजभार दिला, आतली नाजूक उपकरणं जराही हलली नाहीत. वीज पडली तरी मोटारगाडीच्या बंद पत्र्याआड माणूस सहसा सुखरूप राहतो, त्याचं कारण हेच. त्याच वर्षापासून दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘ट्रिनिटी हाउस’चे ते सल्लागार झाले. सत्तरीच्या घरातही ते बर्फातून वाट काढत दीपगृहं तपासायला जात.

या सगळ्या काळात प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर एकच माणूस असे, सार्जंट अँडरसन. तोफखान्यातला हा निवृत्त शिपाई १८२७ मध्ये काचेच्या भट्टीच्या कामासाठी आला आणि जन्मभर राहिला. एकदा संध्याकाळी त्याला घरी जायला सांगायचं फॅरडे विसरले. सकाळी येऊन पाहतात तर हा गडी रात्रभर भट्टी पेटती ठेवून उभा, अशी आठवण त्यांचे स्नेही सांगत. फॅरडेंनी विद्यार्थी तयार केले नाहीत, शिष्यपरंपरा ठेवली नाही. सगळं स्वतःच्या हातांनी आणि अँडरसनच्या मदतीनं. याची मला थोडी खंत वाटते. त्यांच्या हातातली ती नजर कुणी जवळून उचलली असती तर किती बरं झालं असतं.

१८३९ च्या अखेरीस शरीर आणि डोकं दोन्ही थकलं. चक्कर, डोकेदुखी आणि सर्वांत वाईट म्हणजे विसर. नुकतंच केलेलं विसरायला होई. प्रयोगवहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देण्याची त्यांची शिस्त जुनी होती, ती आता आधार झाली. काही वर्षं संशोधन जवळपास थांबलं. अध्यक्षपद नाकारताना त्यांनी बुद्धी शाबूत राहण्याबद्दल जे म्हटलं, ते या आजाराच्या उजेडात वाचायला हवं. तो विनय नव्हता, हिशोब होता. पदाबरोबर सभा आल्या, पत्रव्यवहार आला, गटबाजी मिटवणं आलं. उरलेली स्मरणशक्ती कशावर खर्च करायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. झालेल्या कामाची दाद देणारी पदकं आणि मानपत्रं त्यांनी घेतली, कारण ती पुढच्या दिवसांतलं काही मागत नव्हती. अध्यक्षपद दिवस मागत होतं. १८६४ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनचं अध्यक्षपद पुढे आलं, तेव्हाही उत्तर तेच होतं. त्यांच्या नावामागे ‘सर’ही कधी लागलं नाही.

आजारातून सावरल्यावर त्यांनी जे केलं ते पाहिलं की हा हिशोब किती बरोबर होता ते कळतं. १३ सप्टेंबर १८४५ रोजी त्यांनी शिशाचं प्रमाण भरपूर असलेली एक जड काच चुंबकाजवळ ठेवली आणि तिच्यातून ध्रुवित प्रकाश सोडला. ही काच त्यांनीच दुर्बिणींसाठी बनवली होती; त्या वेळी तीन-चार वर्षांचे कष्ट वाया गेले, असंच त्यांना वाटलं होतं. चुंबक चालू करताच प्रकाशाच्या कंपनांची पातळी फिरली. प्रकाशाचं चुंबकत्वाशी नातं आहे, याचा हा पहिला पुरावा. दोन महिन्यांत त्यांनी हेही दाखवलं, की चुंबकाचा परिणाम लोखंडावरच नव्हे, तर काच, पाणी, लाकूड अशा सगळ्याच वस्तूंवर थोडाफार होतो.

त्यांना गणित येत नव्हतं. समीकरणांऐवजी त्यांनी चित्र उभं केलं: चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की ज्या रेषा उमटतात, त्या बलरेषांनी सगळी पोकळी भरलेली आहे आणि बल या रेषांतूनच पोचतं. गणितज्ञांनी या कल्पनेकडे बरीच वर्षं दुर्लक्ष केलं. तरुण जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी मात्र तिच्यात दडलेलं गणित ओळखलं आणि ते शोधायला हात घातला. १८५७ मध्ये फॅरडेंनी त्यांना पत्रातून विचारलं, की गणितज्ञांना आपले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत का, म्हणजे माझ्यासारख्याला त्यांवर प्रयोग करता येतील? मॅक्सवेल यांच्या समीकरणांतून पुढे रेडिओलहरी निघाल्या.

सामान्य माणसांशी बोलणं फॅरडेंना मोठ्या पदांहून महत्त्वाचं वाटे. शुक्रवारची व्याख्यानं त्यांनी सुरू केली, मुलांसाठीच्या नाताळ व्याख्यानांच्या एकोणीस माला स्वतः गुंफल्या. त्यांतली मेणबत्तीवरची माला पुस्तकरूपानं जगभर गेली. दोन्ही व्याख्यानं आजही चालू आहेत. जुलै १८५५ मध्ये थेम्सवर बोटीतून जाताना नदीची अवस्था पाहून त्यांनी पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, सहज बुडावेत म्हणून ओले केले आणि प्रत्येक धक्क्यावर पाण्यात टाकले. लख्ख उन्हात एक इंच खाली जायच्या आत ते दिसेनासे होत. हे त्यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून कळवलं आणि बजावलं, की दुर्लक्ष केलं तर एखाद्या उन्हाळ्यात पस्तावाल. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं पार्लमेंटचं कामकाज करणं अशक्य झालं आणि मगच लंडनच्या गटारांचं मोठं काम हाती घेतलं गेलं.

मानपत्रांच्या त्या ग्रंथात एक नोंद वेगळी आहे. २५ जानेवारी १८४७ या तारखेखाली फॅरडेंनी लिहून ठेवलं, की मान आणि सुख या दोन्हींत बाकी सगळ्यांच्या वरचढ असलेल्या एका घटनेची तारीख मी इथं घालतो. आणि पुढे साराशी झालेल्या लग्नाची तारीख. त्यांना मूलबाळ नव्हतं. इन्स्टिट्यूशनच्या माडीवरच्या त्या घरात भाच्या-पुतण्यांचा राबता असे. स्वतः साराबाईंनी एकदा म्हटलं होतं, की त्यांच्या मनाची उशी होण्यात मला समाधान आहे.

१८५८ मध्ये प्रिन्स आल्बर्ट यांच्या सूचनेवरून राणी व्हिक्टोरियानं त्यांना हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिलं. डागडुजीचा खर्च झेपेल का, म्हणून फॅरडे घुटमळले. राणीनं घर आतूनबाहेरून दुरुस्त करून दिलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तिथंच, खुर्चीत बसलेल्या अवस्थेत, त्यांचा मृत्यू झाला. अंत्यविधी साधा व्हावा ही त्यांची इच्छा होती. दफन हायगेटला झालं. पुढचे मान त्यांना नाकारता येणार नव्हते. विद्युतधारितेच्या एककाला फॅरड हे नाव मिळालं. १९३१ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटन यांच्या समाधीजवळ त्यांच्या नावाची फरशी बसली, १९९१ मध्ये वीस पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं.

त्यांच्या प्रयोगवहीतल्या क्रमांक घातलेल्या नोंदी सोळा हजारांच्या वर गेल्या आहेत. शेवटची नोंद १२ मार्च १८६२ ची. त्या दिवशी सत्तरीतल्या फॅरडेंनी एक ज्योत प्रखर चुंबकाच्या टोकांमध्ये ठेवली आणि तिच्या वर्णपटातल्या रेषांवर चुंबकाचा काही परिणाम होतो का, हे पाहिलं. काहीच दिसलं नाही आणि तसं त्यांनी लिहून ठेवलं. मॅक्सवेल यांनी लिहिलेल्या फॅरडे-चरित्रात या प्रयोगाचा उल्लेख डच भौतिकशास्त्रज्ञ पीटर झीमान यांच्या वाचनात आला. फॅरडेंसारख्या माणसाला हा प्रयोग करून पाहावासा वाटला, तर अधिक चांगल्या उपकरणांनी तो पुन्हा करायला हवा, असं त्यांच्या मनानं घेतलं. १८९६ मध्ये त्यांना वर्णरेषा रुंदावलेल्या दिसल्या. या कामासाठी १९०२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक झीमान आणि हेंड्रिक लोरेंट्झ यांना विभागून देण्यात आलं.